दोन्ही लिहा म्हणणारी ताहिरा

ताहिरा,

काल तुला जाऊन चाळीस दिवस झाले, तुझा चाळिसावा झाला. अकोल्याच्या घरात बायकांच्या खोलीत मी भिंतीला टेकून बसले होते आणि येणारी प्रत्येक जण एकच वाक्य बोलत होती. सुटली बिचारी. पहिल्या दोघींना मी काही म्हटलं नाही. तिसरीला मात्र विचारलं, कशातून सुटली? ती गोंधळली. म्हणाली, दुखण्यातून हो. मी म्हटलं, तिला सुटायचं नव्हतं, तिला अजून दहा वर्षं हवी होती आणि ती शेवटपर्यंत मागत होती. तुझ्या नणंदेनं घाईघाईनं माझ्या हातात चहाचा कप दिला, म्हणजे माझं तोंड त्यात गुंतावं.

गुंतलं नाही. घरी येऊनही मी चिडलेलीच होते, आणि आज सकाळी कळलं की मी त्या बायकांवर चिडलेली नाही, माझ्यावर चिडलेली आहे. मी तुझ्याशी एकदा खोटं बोलले. त्यातलं अर्धं तू पकडलंस आणि उरलेलं अर्धं मी तुला अखेरपर्यंत सांगितलं नाही. ते सांगायला म्हणून लिहायला बसले आहे. पण तू मला ओळखतेस, मी एकदम तिथं पोचायची नाही. रिपोर्ट वाईट असला की तू आंधी हवापाण्याचं बोलते, असं तूच म्हणायचीस ना. मग हवापाणी ऐक.

अमरावतीच्या कोर्सला आपण एकाच बाकावर होतो. तू अकोटहून आलेली, मी तिथल्याच मास्तरांची मुलगी. पहिल्या दिवशी बोट टोचायला शिकवलं तेव्हा मी डोळे मिटले आणि तू माझं बोट धरून म्हणालीस, पाह्य, नाही तर जिंदगीभर असेच डोये मिटशीन. पुढे दोघींनाही अकोल्याला सरांच्या लॅबमध्ये नोकरी लागली. सर पॅथॉलॉजिस्ट, लॅब त्यांची, पण ती चालवायची आपण दोघी. आणि तिथं पहिल्याच आठवड्यात तू कंट्रोल झालीस.

तुझ्या नणंदेला काल हे सांगितलं तेव्हा तिला माहीतच नव्हतं. लॅबचा दिवस निरोगी रक्तानं सुरू करायचा असतो. रंग नीट चढतो का, मोजणी बरोबर येते का, हे आधी एखाद्या ठणठणीत माणसाच्या थेंबावर पाहायचं आणि मगच रोग्यांच्या नळ्या घ्यायच्या. मोठ्या शहरांत त्यासाठी बाटलीत भरलेलं रक्त यायचं म्हणे. आपल्याकडे तू होतीस. माझं हिमोग्लोबिन दहाच्या वर कधी गेलंच नाही, सरांना साखर, आणि तुझे आकडे पुस्तकात छापल्यासारखे. सकाळी नऊला तू डाव्या हाताचं बोट पुढं करायचीस, मी टोचायचे, काचेवर थेंब घेऊन ओढायचे. अकोट, तेल्हारा, कुठकुठून यायचं ते रक्त, आणि प्रत्येकाची परीक्षा आधी तुझ्या थेंबावर व्हायची. तुला त्याचा तोरा होता. कोणी तुझ्या जाडीवर बोललं की म्हणायचीस, साऱ्या जिल्ह्याचं रक्त माह्या रक्तावर मोजते हे लोक.

म्हणूनच आपण फसलो. दुसरं कोणी फसलं नसतं.

एका हिवाळ्यात तुझा पांढऱ्या पेशींचा आकडा चढायला लागला. आधी थोडा, मग दुप्पट. आपण काय केलं? द्रावण ओतून दिलं आणि नवं केलं. मोजणीची काच घासून धुतली. मग स्लाइडवर फुटलेल्या पेशी दिसू लागल्या, अंगठ्यानं पुसल्यासारखे जांभळे डाग, आणि आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणायचीस माझा हात जड आहे, मी काच दाबून ओढते, म्हणून पेशी फुटतात. मी म्हणायचे तू बोटावरचं स्पिरिट वाळू देत नाहीस. बाकीच्यांच्या स्लाइड स्वच्छ यायच्या, तरी आपण म्हणायचो की दिवसाची पहिली स्लाइड आहे, रंग ताजा असतो, पहिली बिघडणारच. दोन महिने हे चाललं. रंग विकणाऱ्या माणसाला तू फोनवर असं झापलंस की त्यानं बाटल्या बदलून दिल्या. दुसऱ्या कुठल्याही बाईची ती स्लाइड असती, तर आपण दोघींनी अर्ध्या मिनिटात ओळखलं असतं.

शेवटी तूच उठलीस. माझं बोट टोचलंस, माझी स्लाइड तू केलीस, तुझी मी केली. एकाच ताटलीत, एकाच रंगात दोन्ही रंगवल्या आणि मायक्रोस्कोपखाली एकीनंतर एक ठेवल्या. माझी स्वच्छ होती. तुझ्यावर तेच डाग. तू डोकं वर केलंस, चष्मा पुसलास आणि म्हणालीस,

"हात चांगला हाय तुहा, मंदे. रक्त माहं खराब हाय."

इतक्या वर्षांत माझ्या हाताला तू चांगलं म्हटलंस ते तेवढं एकदाच. मला रडू आलं, तर तू मला पाणी आणून दिलंस.

नागपूरच्या तपासणीत नाव मिळालं. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. रक्ताचा कर्करोग, पण सावकाश चालणारा. तिथले डॉक्टर म्हणाले, आत्ता औषध नको, लक्ष ठेवू. परतीच्या गाडीत तू बडनेऱ्यापर्यंत तो कागद तीनदा वाचलास. मग म्हणालीस, म्हणजे त्यानं वाढत बसाचं अन मी पाहत बसाचं, असंच ना? मी मान हलवली. तू म्हणालीस, मंग पाहूच.

आणि तू पाहायची रीत ठरवलीस. महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्लाइड. बोटातून थेट काचेवर, नळी मधे नाही. काचेवर तारीख कोरायची आणि लाकडी डब्यात ठेवायची. वाचायची मात्र मी. स्वतःचं रक्त स्वतः वाचू नये, माणूस आकडा आपल्याकडे ओढतो, असं तुझं म्हणणं. मी सांगीन ते तू मानायचं. तू ते असं सहज बोललीस, जणू मला दळण आणायला सांगत होतीस, आणि मीही हो म्हटलं. किती मोठी वस्तू तू माझ्या हातात दिली होतीस, ते मला तेव्हा कळलं नाही.

ती आपल्या भागाची वाईट वर्षं होती. फवारणीचं औषध पोटात गेलेल्या माणसांच्या नळ्या दिवसाआड यायच्या आणि तू इतर सगळं बाजूला सारून त्या आधी घ्यायचीस. बाहेरगावचे पत्रकार वह्या घेऊन गावोगाव फिरायचे. त्यातला एक आपल्या लॅबमध्ये आला होता, आठवतं? भला माणूस होता, पण त्याचं आधीच ठरलेलं होतं. तुझ्या आजाराचं त्याला कुठून तरी कळलं होतं. त्याला तू हवी होतीस, कपाशीच्या औषधानं रक्त नासलेली बाई म्हणून. तू त्याला बसवलंस, चहा दिलास आणि सांगितलंस की तू शेतात कधी गेली नाहीस, तुझ्या नवऱ्याचं गादीचं दुकान आहे. तो म्हणाला, हवेतून, पाण्यातून झालं असेल. तू म्हणालीस,

"असंन. नसंन बी. काऊन झालं ते तुमाले ठाव नाही, मले बी नाही. तेच लिहा. त्या मेलेल्या लोकाईच्या यादीत मले फुकट नका घुसवू, त्याईचं दुख त्याईचं हाय."

त्यानं ते लिहिलं नाही, तुझं नावच गाळलं. तुला त्याचा आनंद झाला होता. लोकांनी आपल्या आजाराची गोष्ट करून टाकावी याचा तुला मनापासून तिटकारा होता. माझ्या आईनं गेल्या जन्मीच्या कर्माचं काढलं तेव्हा तू हसत म्हणालीस, काकू, आमच्यात मागचा जनम नसते, मी कुठून आणू. आईला राग आला, आणि मग तीही हसली.

तिसऱ्या वर्षी, गणपती बसायच्या आठवड्यात, मी तुझी स्लाइड लावली आणि तिच्यात वेगळ्याच पेशी होत्या. तुझ्या पहिल्या रोगाच्या, ओळखीच्या लिम्फोसाइट पेशी होत्याच, फुटलेले डागही होते. पण त्यांच्यामध्ये हाडांच्या मज्जेतून बाहेर यायला नको होत्या अशा अर्धवट वाढलेल्या पेशी होत्या, आणि काळ्या दाण्यांनी गच्च भरलेल्या बेसोफिल पेशी. हा दुसऱ्याच रोगाचा चेहरा होता. मी सरांना दाखवली. सर म्हणाले, नळ्यांची अदलाबदल झाली असेल, एका माणसात हे दोन्ही नसतं. मी तिथंच सांगायला हवं होतं की सर, यात नळी नव्हतीच, तिच्या बोटातून मी स्वतः घेतलं आहे. मी बोलले नाही. मला ती अदलाबदल हवी होती. कोणा दुसऱ्या बाईचं रक्त असावं, कोणाचंही असावं, असं मला वाटत होतं, आणि हे लिहिताना मला त्याची लाज वाटते.

तुला मी सांगितलं, जैसे थे आहे.

आठव्या दिवशी मी जेवून आले तर तू स्लाइडचा डबा उघडून बसली होतीस. तू आपला नियम मोडलास, कारण रोज माझं तोंड पाहत होतीस. मायक्रोस्कोपवरून मान न उचलता तू हाक मारलीस. मंदे नाही, मंदा.

"मंदा, माह्याच रक्ताबद्दल मले खोटं सांगून राहिली तू?"

मी काय बोलले ते मला आठवत नाही. काहीतरी सरांचं नाव घेतलं असेल. तू ते ऐकलं नाहीस. डब्यात बोट फिरवत म्हणालीस,

"याच्या आंधीची कुठी हाये? ऑगस्टची?"

मी म्हटलं, फुटली. डबा पुसताना हातातून पडली. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, बरं.

मग तू ती स्लाइड घेऊन सरांच्या खोलीत गेलीस. मी दाराशी उभी होते. सर समजावत होते की पहिलाच रोग रूप बदलत असेल, किंवा अंगात कुठं जंतू असतील, एकाच माणसाला दोन वेगवेगळे ल्युकेमिया झाल्याचं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. तू म्हणालीस, सर, कपाशीच्या दोन ओळींत तुरीचं तास असते का नाही? दोन्ही एकाच वावरात, पण मुया वेगवेगळ्या. सर म्हणाले, ताहिरा, हे शेत नाही. तू म्हणालीस, मग तपासा. नाही निघालं तर मी माफी मागीन.

तपासलं. रक्त मुंबईला गेलं, गुणसूत्रं पाहिली गेली, आणि कागद आला. दोन होते. क्रॉनिक लिम्फोसायटिक होताच, शेजारी क्रॉनिक मायलॉइडही होता, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दोन्ही आपापल्या मुळावर उभे होते. तू तो कागद सरांच्या टेबलावर ठेवलास. मी जन्मात कोणाला इतक्या ताठ मानेनं इतकी वाईट बातमी देताना पाहिलं नाही.

"आता पुढच्या हरेक कागदावर दोन्ही लिहा सर," तू म्हणालीस. "एक लिहून दुसरा खाऊ नका. मी दोघाईशी भांडून राहिली."

सर उठून उभे राहिले. त्यांनी तुझी माफी मागितली, हे त्यांच्या बाजूनंही सांगायला हवं.

मी मागितली नाही. तू माझ्याशी आठ दिवस बोलली नाहीस, जेवढे दिवस मी खोटं बोलले तेवढेच. नवव्या दिवशी डबा उघडून अर्धी पोळी माझ्याकडे सरकवलीस आणि विचारलंस, आंबाडीची भाजी खाते का? मी खाल्ली. विषय तिथंच मिटला, असं तू धरलंस.

दुसऱ्या रोगावर नवी गोळी निघाली होती. तिच्यामुळे तो दबला. बेसोफिल गेल्या, पोटात वाढलेली प्लीहा आकसली. पहिला मात्र आपल्या चालीनं चालत राहिला. ते दिवस वाईट नव्हते, असं मी लोकांना सांगते तर त्यांना पटत नाही. नणंदेनं दर्ग्यातून ताईत आणला आणि माझ्या आईनं अंबादेवीचा अंगारा पाठवला, तेव्हा तू दोन्ही घेतलंस. कोणी टोकलं तर म्हणायचीस, दोन रोग हायेत, दोन्हीकडचं लागते. लॅबमध्ये तोवर कंट्रोलची बाटली आली होती. तू तिला सवत म्हणायचीस. रोज सकाळी ती फ्रीजमधून निघाली की म्हणायचीस, चाला बाई, आता तुमचं राज्य. तुझ्या नवऱ्यानं, युसूफभाईंनी, नोकरी सोड म्हटलं, तू सोडली नाहीस. केस पांढरे झाले, तुझ्या लेकीचं, सनाचं लग्न झालं, आणि सोमवारच्या स्लाइड मी वाचत राहिले. एकही आकडा मी पुन्हा वाकवला नाही. तू दर वेळी विचारायचीस, खरं ना? मी म्हणायचे, खरं.

मग या वर्षी सनाकडे अमरावतीला गेलीस, ताप आला आणि छाती भरली. पहिल्या रोगानं अंगातली ताकद आधीच पोखरली होती. तिथल्या दवाखान्यात सहा दिवस तू झगडलीस, मी उशाशी होते. तोंडावरचा मास्क काढून नर्सला विचारायचीस, आज काउंट किती. पाचव्या दिवशी आकडा ऐकून तू मला म्हणालीस, हे मशीन चुकते. ते तू मला हसवायला म्हणालीस की खरंच तुला तसं वाटलं, मला अजून ठरवता येत नाही.

तू गेलीस त्या दुपारी एक पोरगेला डॉक्टर मृत्यूचा फॉर्म भरत होता. त्यानं न्युमोनिया लिहिलं, खाली ल्युकेमिया लिहिलं. मी म्हटलं, कुठला? तो म्हणाला, काकू, आता काय फरक पडतो. मी म्हटलं, तिला पडत होता, दोन लिहा. तो म्हणाला, एकाच ओळीत दोन कसे, वरचे विचारतील मला. मी म्हटलं, विचारू द्या, फाइल उघडा. माझा आवाज चढला होता, सना मला धरत होती. तेव्हा युसूफभाई, जे तुझ्यासमोर कधी फारसं बोलले नाहीत, ते पुढं आले. म्हणाले, "लिव्हा साहेब. ते याच्यासाठीच भांडली." त्या मुलानं फाइल उघडली, पाच मिनिटं वाचली आणि दोन्ही नावं पूर्ण अक्षरांत लिहिली. मला म्हणाला, मी हे कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, आता पाहिलंत.

तेव्हापासून सगळे मला म्हणतात, मैत्रीण असावी तर अशी. काल सरसुद्धा म्हणाले. आणि म्हणूनच आता मला पुढचं सांगावं लागेल, कारण हे कौतुक माझ्यानं गिळवत नाही.

ऑगस्टची स्लाइड फुटली नव्हती.

ऑगस्टच्या त्या सोमवारी मी ती लावली आणि पहिल्याच नजरेत मला दुसरा रोग दिसला. शंभर पेशी मोजल्या. परत शंभर मोजल्या. पाच वेळा मोजल्या. तू पलीकडे तेल्हाऱ्याच्या एका म्हाताऱ्या आजींना समजावत होतीस की उद्या उपाशीपोटी या, आणि त्या विचारत होत्या की तंबाखू चालते का. तू खळखळून हसत होतीस. मी ती काच घेऊन बेसिनपाशी गेले. आधी तेल काढायच्या झायलीननं धुतली, मग साबणानं, मग अंगठ्यानं घासली, रंग जाईपर्यंत, तू त्यावरून जाईपर्यंत. तारीख कोरलेली होती, म्हणून काच फोडून तुकडे कचऱ्यात टाकले. मग आत येऊन तुला सांगितलं, जैसे थे आहे. सरांना तेव्हा मी काही दाखवलंच नव्हतं. सर चुकले, पण त्यांनी पाहून चूक केली. तुझा दुसरा रोग पुसून टाकणारी पहिली मी होते, आणि मृत्यूच्या फॉर्मवर दोन्ही लिहा म्हणून त्या मुलावर ओरडणारीही मीच.

नंतर मी एका डॉक्टरांना आडून विचारलं होतं. ते म्हणाले, त्या पाच आठवड्यांनी इलाजात काही बिघडलं नाही. मी त्याच्या आडोशाला कधी नीट बसू शकले नाही. तू इलाजाबद्दल विचारलंच नव्हतंस. तू दर महिन्याला विचारत होतीस ते एवढंच, की खरं ना.

तू तेव्हा बरं म्हणालीस. तुला कळलं होतं का? वीस वर्षांत माझ्या हातून एक स्लाइड पडली नव्हती, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं? कळूनही तू अर्धी पोळी सरकवलीस, असं असेल तर मला ते सहन होत नाही. नसेल कळलं, तर तेही होत नाही. माफी मी मागत नाही. ती मागायला तू समोर हवी होतीस, तडातडा बोलायला, आणि तू समोर होतीस तेव्हा मी गप्प राहिले. ते माझं मला वागवू दे. पण तुझा रिपोर्ट तुला मिळायला हवा. आकडे मला तोंडपाठ आहेत, इतकी वर्षं झाली तरी एकही विसरलेले नाही.

ताहिरा युसूफ. ऑगस्ट, पहिला सोमवार. बोटातून थेट काचेवर, नळी नाही. शंभर पेशींत लिम्फोसाइट एकसष्ट, न्यूट्रोफिल वीस, अर्धवट वाढलेल्या पेशी नऊ, बेसोफिल सहा, इतर चार. फुटलेल्या पेशी भरपूर. पाच वेळा मोजलं, पाचही वेळा तेच.

दोन्ही आहेत.

वाचणारी, मंदा.